शून्याची खूण

धक्क्याच्या भिंतीपाशी तिपाई रोवली तेव्हा
रात्रीचा एक वाजला होता आणि उत्तरेला अजून
ताकासारखा पांढुरका उजेड.
लिएपायाला जूनमध्ये काळोख येतो तो पाहुण्यासारखा,
बूट न काढताच परत जातो.

दक्षिणेला, मासे धुरवायच्या कारखान्याच्या छपरावर
शनी. क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश.
याहून वर तो यंदा चढणारच नाही.
रोदियोन म्हणाला, "आउस्मा आजी, हा तर चिखलातून चाललाय."
मी डोळा लावला.
एक कडा तांबडी, एक निळी,
मधे कडी कुठली, गोळा कुठला, काही कळेना;
धुण्यात रंग गेलेला रुमाल जसा.

आधी शून्य शोधायचं.
अवजार मुठीएवढं. आत दोन लोलक, बाहेर दोन दांड्या,
वर पातळी दाखवणारा बुडबुडा.
दांड्या जोडीनं उभ्या केल्या की लोलक एकमेकांना खोडून काढतात,
निदान छापील खुणेचं म्हणणं तसं.
दुर्बीण जवळजवळ डोक्यावरच्या अभिजितकडे वळवली.
तिथे हवा पातळ. तारा शुभ्र असायला हवा.
नव्हता.
एका बाजूला जांभळी किनार, केसाएवढी.

डावी दांडी सूतभर मागे घेतली. किनार गेली.
पर्समधून नेलपॉलिश काढलं, लेकीच्या लग्नातलं, अर्धं सुकलेलं,
आणि शून्य खरोखर जिथे होतं तिथे ठिपका दिला.
रोदियोन हसला. हसू दे.
छत्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात मी लोलकच घासले,
ज्यांना एकाचे दोन दिसतात त्यांच्यासाठी,
आणि एकाही छापील खुणेवर विश्वास ठेवला नाही.

मग पुन्हा शनी.
बुडबुडा मधोमध येईस्तोवर अवजार फिरवायचं,
कारण रंग सांडतात ते नेहमी उभ्या रेषेत.
तिपाईवरची दुर्बीण आकाशाबरोबर कलत जाते,
तिला क्षितिजाशी देणंघेणं नसतं; बुडबुड्याला असतं.
आता दांड्या उघडायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे,
सारख्याच, ठिपक्यापासून मोजून.
तो पडद्याकडे बघून म्हणतो, "चुत-चुत."
मी म्हणते, "मज़लिएत."
त्याची रशियन, माझी लाटवियन,
दोन्हींचा अर्थ एकच: अगदी थोडंसं.

ओयार्स आठवला.
बंदरातला वाटाड्या, दोराचा फटका कपाळावर बसलेला.
दुकानात येऊन म्हणाला, "मला दोन दीपस्तंभ दिसतात,
जहाज कुठल्याकडे नेऊ?"
उजव्या काचेत लोलक बसवून दिला. दोनाचा एक झाला.
दारापर्यंत गेला, परत वळला.
"बाई, त्यातला खरा कुठला होता?"
मी पावती फाडत होते. काहीतरी बोलले, गिऱ्हाईकाला बोलतात तसं.

"थांब!" रोदियोन ओरडला.
माझा हात दांडीवर गोठला.
तांबडा आणि निळा एकमेकांवर सरकले, बसले,
आणि कडी वेगळी झाली, गोळ्यापासून सुटी,
तिच्यात काळी फट, पापणी लवेपर्यंत.
मग हवा उकळली, गेली.
पुन्हा आली.
पोरगं बोलेना. जन्मापासून बडबडणारं पोरगं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
"म्हणजे आता दिसतोय तिथेच आहे तो?"
नाही रे. हवेनं त्याला उचलून धरलंय,
आहे त्याहून पाच कला वर.
हे अवजार रंग जुळवतं, जागा नाही.
खरा शनी जरा खाली असतो,
त्या छपराच्या आणखी जवळ.

हे ओयार्सला सांगायला हवं होतं.
सांगून त्यानं काय केलं असतं, कोण जाणे;
जहाज तर त्याला त्याच रात्री आत आणायचं होतं.

कारखान्यात कुणीतरी पहिली भट्टी पेटवली.
अल्डरच्या लाकडाचा धूर छपरावरून सरळ वर,
म्हणजे वारा नाही, अजून तासभर मिळेल.
बुडबुडा सरकलाय. शनी उतरू लागलाय.
दांड्या आणखी उघडाव्या लागतील.
मी चष्मा पुसते, ठिपका शोधते.